गल्लीच्या राखणीला काठ्या नकोत, कामाची वाटणी पाहिजे

गेल्या उन्हाळ्यात सोलापुरात आमच्या नगरात पंधरा दिवसांत तीन घरफोड्या झाल्या. त्यातली एक तर भर दुपारी, घरची माणसं पंढरपूरला गेलेली आणि समोरच्यांना वाटलं कपाट दुरुस्त करणारे आलेत. मग सगळीकडे होतं तेच झालं, देवळासमोर रात्री मीटिंग, पन्नास-साठ लोक, सगळे एकदम बोलायलेत, कोण म्हणतंय कॅमेरे लावा, कोण म्हणतंय वॉचमन ठेवा, कोण म्हणतंय पोलीस काय करायलेत, आणि शेवटी ठरलं ते एवढंच की पोरांनी रात्री गस्त घालायची. व्हॉट्सअपवर ग्रुप निघाला, शिट्ट्या आल्या, कुणीतरी वर्कशॉपमधून लोखंडी पाइप कापून आणले.

आठव्या का नवव्या रात्री दोनच्या सुमाराला पोरांनी एक माणूस अडवला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात गाठोडं, भराभर चाललेला. घाबरून त्याला धड बोलता येईना, घरी तेलुगू बोलणारा माणूस, मराठी येते पण चार पोरं पाइप घेऊन अंगावर आल्यावर कुणाला काय सुचणार. गाठोडं उघड म्हणल्यावर त्याने ते छातीशी धरलं आणि तिथेच दोन-तीन फटके बसले. गाठोड्यात डबा होता, मळके कपडे होते आणि मालकाकडून घेतलेली उचल होती. यंत्रमागावरची दुसरी पाळी संपवून, शेवटची बिगारी कामं आटपून तो घरी चालला होता, आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे, वीस वर्षं त्याच रस्त्याने. माझी आई ज्या अक्कांबरोबर कारखान्यात विड्या द्यायला जायची त्या अक्कांचा तो जावई.

त्या मीटिंगमध्ये गस्तीसाठी हात वर करणाऱ्यांत मीपण होते, म्हणून हे लिहिणं मला भाग आहे. वर्षभर मी ह्याच गोष्टीचा विचार करतीये आणि माझं मत आता पक्कं झालंय: मोहल्ल्याने चोऱ्या रोखण्यासाठी एकत्र यावं, नक्की यावं, पण रात्रीची गस्त हे त्यातलं सगळ्यात निकामी आणि सगळ्यात धोक्याचं काम आहे. आपण मात्र सुरुवातच तिथून करतो आणि बाकीची जी खरी कामं आहेत ती कुणालाच नेमून देत नाही.

बघा, आमच्याकडच्या तीनपैकी दोन चोऱ्या दिवसा झाल्या होत्या. घर बंद आहे हे चोराला कळलं म्हणून झाल्या. कसं कळलं? दारात दुधाच्या पिशव्या पडून, गेटला बाहेरून मोठं कुलूप, अंगणात तीन दिवस झाडू नाही, रात्री दिवा नाही. एका घराच्या पोरीने तर स्टेटसला गाडीतले फोटो टाकले होते. ह्यातल्या एकाही गोष्टीवर रात्री दोन वाजता फिरणाऱ्या पोरांचा काही उपाय नाही. आणि ती पोरं तरी किती दिवस फिरणार, सकाळी कुणाला एमआयडीसीत ड्युटी, कुणाची परीक्षा, दहाव्या रात्रीनंतर दोघंच उरतात आणि तीपण कट्ट्यावर बसून मोबाइल बघतात. पण ह्या सगळ्यापेक्षा मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ज्याच्या हातात पाइप दिला आणि "चोर पकड" म्हणून बाहेर पाठवला त्याला चोर सापडावाच लागतो. आठ रात्री कुणीच सापडलं नाही की नवव्या रात्री जो पहिला अनोळखी दिसेल तोच चोर.

आपल्या जिल्ह्याने ह्याची किंमत मोजलेली आहे, आणि सोलापूरकरांनी ती विसरू नये असं मला फार मनापासून वाटतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच माणसं जमावाने ठेचून मारली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. मुलं पळवणारी टोळी आली अशी अफवा मोबाइलवर फिरत होती. ती पाचही माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी, आणि त्यातली बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातली. तिथल्या लोकांनीपण स्वतःला गावाचे राखणदारच समजलं असणार. २०२४ साली कोर्टाने सात जणांना जन्मठेप दिली, म्हणजे इकडे पाच घरं उघडी पडली आणि तिकडे सात. मग एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात पालघरच्या गडचिंचलेला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असेच गेले, तिथेही आधी काही दिवस चोर फिरतायत म्हणून अफवा होत्या आणि लोक रात्री जागत होते. जागणारा जमाव, अंधार, अफवा आणि हातात काहीतरी, एवढं जमलं की पुढचं कुणाच्याच हातात राहत नाही.

सोलापुरात तर हे बोलताना अजून एक गोष्ट आठवली पाहिजे. आपल्याकडे सेटलमेंट म्हणून वस्तीच आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं आणि पुढे त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. कायदा गेला पण मोहल्ल्याच्या मीटिंगमध्ये पहिलं वाक्य अजून तेच येतं, "त्या लोकांवर लक्ष ठेवा". आमच्याही मीटिंगमध्ये आलं. कुणी बोललं हे महत्त्वाचं नाही, कुणीच त्याला थांबवलं नाही हे महत्त्वाचं आहे, मीपण नाही.

म्हणून माझ्या हिशोबाने अशा कुठल्याही गटात पहिलं नेमायचं माणूस म्हणजे थांबवणारं माणूस. एक जण, शक्यतो वयस्कर, ज्याचा शब्द पोरं ऐकतात, जिचा ऐकतात असंही चालेल, आमच्याकडे एका रिटायर्ड शिक्षिकेचा ऐकतात. तिचं काम एकच, ग्रुपवर फोटो पडला की "हा कोण आहे ते कळलंय का, कुणी विचारलंय का" असं विचारायचं आणि उत्तर नसेल तर फोटो काढून टाकायला लावायचा, कुणी कुणाला अडवून ठेवलं असं कळलं तर तिने तिथे जायचं, हात कुणी उचलायचा नाही असं सांगायचं आणि ११२ ला, म्हणजे पोलिसांच्या मदतीच्या नंबरला, फोन लावायचा. ह्या माणसाला ग्रुपचा ॲडमिन करायचं. जो सगळ्यात जास्त बोलतो तो ॲडमिन होतो, ही आपल्याकडची पद्धत घातक आहे.

कायदा काय म्हणतो तेही एकदा सगळ्यांनी बसून ऐकलं पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम ४० प्रमाणे साधा नागरिक कुणाला पकडू शकतो, पण कधी, तर त्या माणसाने आपल्या डोळ्यांसमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही आणि पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) असा गुन्हा केला असेल तर, किंवा तो फरार म्हणून जाहीर झालेला असेल तर. संशय आला म्हणून नाही. आणि पकडला तर विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. मारायचा अधिकार कुठेही नाही. उलट नव्या न्याय संहितेत कलम १०३ मध्ये पाच किंवा जास्त लोकांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान असल्या कारणावरून कुणाचा खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप लिहिलेली आहे, प्रत्येकाला, ज्याने फक्त धरून ठेवलं त्यालाही. आमच्या पोरांना हे ऐकवलं तेव्हा त्यांचे चेहरे उतरले, कारण त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं आणि शिट्ट्या मात्र आपणच वर्गणी काढून आणल्या होत्या.

आता कामाची गोष्ट. सोलापूरच्या पूर्व भागात, विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, राहणाऱ्या माणसाला माहीत आहे की आपल्या गल्ल्या कधी ओस नसतातच. दिवसभर उंबऱ्यात विड्या वळत बसलेल्या बायका असतात, मांडीवर सूप, हात चालू आणि नजर रस्त्यावर. माझी आई अशीच बसायची, कुठला पोस्टमन नवीन आहे, कुणाकडे पाहुणे आलेत, कुठली रिक्षा दुसऱ्यांदा गल्लीतून गेली, सगळं तिला ठाऊक असायचं आणि हे सगळं पानं कातरता कातरता. रात्रीचं म्हणाल तर आपल्याकडे नळाला पाणी चार-चार पाच-पाच दिवसांआड येतं आणि येतं तेही कधी रात्री एकला, कधी पहाटे तीनला, मग निम्मी गल्ली जागी, मोटारी चालू, हंडे-पिंप भरायला लागलेले. चहाची टपरी पहाटे उघडते, इडलीवाले चारला उठतात, कारखान्याच्या पाळ्या सुटतात, दूधवाला, पेपरवाला. म्हणजे जागी माणसं आहेत, बघणारे डोळे आहेत, आपण त्यांना कामात धरलेलं नाही. आमच्या त्या मीटिंगला पन्नास-साठ लोक होते त्यात बायका सहा, आणि विड्या वळणारी एकपण नाही, कारण मीटिंगची वेळ त्यांच्या स्वयंपाकाची होती.

दुपारच्या चोरीच्या वेळी नेमकं काय झालं ते मी नंतर घरोघर जाऊन विचारलं. त्या दोन माणसांना चौघींनी बघितलं होतं! एकीला गाडीचा रंग आठवत होता, एकीला शेवटचे दोन आकडे. चौघींनाही थोडं वेगळं वाटलं होतं. फोन एकीनेही केला नाही. का, तर प्रत्येकीला वाटलं घरच्यांनीच बोलावले असतील, आणि खोटं निघालं तर लोक काय म्हणतील, आणि फोन करायचा तर कुणाला करायचा. ही चौघींची चूक नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की अक्का, तुम्ही बघायचं आणि ह्या नंबरला सांगायचं, खरं-खोटं ठरवणं तुमचं काम नाही. एवढं एक वाक्य आधी कुणी बोललं असतं तर ते घर वाचलं असतं असं मला वाटतं.

म्हणून बघणारे वेगळे आणि सांगणारा वेगळा असं आम्ही केलं. आठ-दहा घरांमागे एक फोन घेणारं माणूस, दुपारचं एक आणि रात्रीचं एक, बस्स. बघणाऱ्याने त्याला फोन करायचा, त्याने आधी त्या घरमालकाला फोन लावायचा, "तुमच्याकडे कुणी कामाला येणार आहे का" एवढंच, आणि मालक नाही म्हणाला किंवा फोन लागला नाही तर ११२. ११२ ला काय सांगायचं हे त्याला पाठ पाहिजे: जागेची खूण, माणसं किती, गाडीचा नंबर, कुठल्या दिशेला गेली. घाबरलेला माणूस "लवकर या, लवकर या" एवढंच ओरडतो आणि पत्ता सांगायचा राहतो. हे काम मोठ्या आवाजाच्या माणसाला देऊ नका, शांत माणसाला द्या. आमच्याकडे एक मेडिकलवाला आणि एक शिवणकाम करणाऱ्या ताई हे करतात, दोघंही दिवसभर एकाच जागी असतात आणि दोघांनाही उगाच बोलायची सवय नाही.

मग कुलपांची वही. ही मला सगळ्यात आवडती गोष्ट, आणि ह्यावरच सगळ्यात जास्त वाद झाला. कोण कधी गावाला जाणार हे एका माणसाला माहीत पाहिजे. ग्रुपवर नाही! ग्रुपवर "आम्ही चार दिवस तुळजापूर-कोल्हापूर" असं टाकणं म्हणजे दारावर पाटी लावण्यासारखंच, ग्रुपमधली दोनशे माणसं कोण आहेत आणि त्यांचा मोबाइल कोण बघतो हे कुणाला माहीत. वही एकीकडे, तोंडाने सांगायचं, आणि तिने फक्त डावी-उजवी-समोरची अशा तीन घरांना सांगायचं. त्या तिघांनी दूध-पेपर उचलायचा, संध्याकाळी ओट्यावरचा दिवा लावायचा, दारासमोर सडा टाकायचा. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत, आषाढीला, दिवाळीत, मे महिन्यात लग्नसराईत वही भरते, बाकी वेळेला रिकामीच. काही लोक म्हणाले आमचं जाणं-येणं दुसऱ्याला कशाला कळायला पाहिजे. बरोबर आहे त्यांचं, ज्याला सांगायचं नाही त्याने सांगू नये, जबरदस्ती केली की ही वहीसुद्धा हजेरीच होऊन बसेल.

शेजारच्या तीन-पाच घरांची ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे पण इंग्लंडमध्ये तिचा पद्धतशीर अभ्यास झालाय. रॉचडेल शहरात किर्कहोल्ट नावाची कामगारांची वसाहत, तिथे १९८० च्या दशकात घरफोड्या फार वाढल्या होत्या. अभ्यासकांच्या लक्षात आलं की ज्या घरात एकदा चोरी झाली त्याच घरात पुन्हा चोरी व्हायचा संभव बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो, कारण चोराला वाट माहीत झालेली असते, काय राहिलंय ते माहीत असतं आणि चोरीला गेलेली वस्तू माणूस पुन्हा विकत आणेल हेही माहीत असतं. मग त्यांनी सगळ्या वसाहतीवर पहारा ठेवायच्या ऐवजी चोरी झालेल्या घराच्या भोवतीच्या पाच-सहा घरांनाच जबाबदारी दिली, त्या घराची कडी-कुलपं लगेच बदलली, आणि घरात नाणी टाकायचे जे गॅस-विजेचे मीटर होते, जे फोडूनच चोर पैसे न्यायचे, ते काढून टाकले. चोऱ्या खूप कमी झाल्या, आणि एकदा फोडलेली घरं पुन्हा फोडली जाणं तर जवळपास थांबलंच. मला ह्यातून आपल्यासाठी एक गोष्ट फार मोलाची वाटते. चोरी झाली की आपण चोराच्या मागे धावतो आणि ज्याचं घर फुटलं तो एकटा पडतो, उलट त्याच्या दारालाच सगळ्यात आधी हात लावायला पाहिजे. आमच्याकडे एक सुतारकाम करणारे मामा आहेत, त्यांनी आपणहून सांगितलं की कुणाचंही दार फुटलं तर त्याच दिवशी कडी-कोयंडा मी बसवून देईन, सामानाचे पैसे तेवढे द्या. ह्या एका माणसाचं काम मला पंधरा जणांच्या गस्तीपेक्षा मोठं वाटतं.

आणि पोलीस ठाण्यात सोबत जाणारं माणूस. हे काम कुणी मागत नाही, फोटो निघत नाही, रात्र जाते, पण ह्याच्याइतकं गरजेचं दुसरं काम नाही. आमच्या तिसऱ्या चोरीतल्या आजी एकट्या राहतात, त्यांच्या पाटल्या गेल्या, ठाण्यात गेल्या तर त्यांना चार तास बसवलं, मग साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला आणि परत पाठवलं. त्यांना वाटलं तक्रार झाली. अर्ज वेगळा आणि एफआयआर, म्हणजे पोलिसांनी गुन्हा म्हणून केलेली नोंद, वेगळी हे कितीजणांना माहीत आहे? घरातली चोरी हा दखलपात्र गुन्हा, एफआयआर घ्यावाच लागतो, हद्द कुठलीही असली तरी घ्यावा लागतो, त्याची प्रत फुकट मिळते. तक्रार ऑनलाइन पद्धतीने पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. ठाण्यात घेतला नाही तर वरच्या अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्याकडे आयुक्तालयात, लेखी पाठवता येतो. आणि साक्ष विचारायला बाईमाणसाला किंवा साठीच्या वरच्या माणसाला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. हे सगळं माहीत असलेलं एक माणूस आजींबरोबर असतं तर त्यांची ती रात्र वेगळी गेली असती. आता आमच्या दोघीजणी हे काम करतात, एक मी आणि एक विमा एजंट ताई, आणि आम्ही भांडायला जात नाही, सोबत बसतो आणि कागद वाचतो. सोबत माणूस असलं की पोलीसही नीट बोलतात असा माझा अनुभव आहे, आणि त्यांच्यावर किती ताण आहे तेही तिथे बसल्यावरच कळतं.

कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. कॅमेरे सगळ्यांनी लावले, पण आमच्यातल्या दोन कॅमेऱ्यांची घड्याळं चुकीची होती, एकाचं एका दिवसाने आणि एकाचं चार तासांनी, आणि एकाचं रेकॉर्डिंग आठ दिवसांत पुसलं जात होतं. महिन्यातून एकदा सगळ्यांचे कॅमेरे बघून येणारं एक पोरगं नेमा, कॉलेजातलं, त्याला हे आवडतं. पण फुटेज फक्त पोलिसांना. आमच्या ग्रुपवर सायकल चोरणाऱ्या एका लहान मुलाचा व्हिडिओ फिरला होता, तेरा-चौदा वर्षांचं पोर, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे त्याची ओळख अशी जाहीर करणं हाच गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या पोराला आयुष्यभर चोर करून टाकायचा आपल्याला काय हक्क.

आणि घरात न शिरता होणारी चोरी? त्यासाठी तर कुणी रात्री जागून काहीच उपयोग नाही. पोलीस आहोत म्हणून सांगून "पुढे खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधा" असं म्हाताऱ्या माणसांना गंडवणारे, दागिने पॉलिश करून देतो म्हणणारे, आणि आता फोनवर "तुम्हाला डिजिटल अटक झालीय" म्हणून रात्रभर व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवणारे. आमच्या गल्लीतल्या एका रिटायर्ड काकांचे भविष्य निर्वाह निधीचे पैसे असे गेले आणि त्यांनी लाजेने अकरा दिवस कुणाला सांगितलं नाही. पैसे गेल्याबरोबर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तर ते पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, पहिले काही तास महत्त्वाचे. सोलापूरकराला हा आकडा लक्षात ठेवायला जड जाऊ नये. १९३० च्या मे महिन्यात ह्याच शहरात गोळीबारानंतर पोलीस निघून गेले होते आणि मार्शल लॉ लागेपर्यंतचे काही दिवस स्वयंसेवकांनी रहदारी आणि शिस्त सांभाळली होती. ज्येष्ठांच्या घरी आठवड्यातून एकदा चहाला जाऊन, काही विचित्र फोन आला होता का हे सहज विचारणारं माणूस, हेसुद्धा गुन्हे रोखणारं काम आहे. ते मी मुद्दाम कॉलेजच्या पोरींना दिलंय, आज्या त्यांना सगळं सांगतात, स्वतःच्या मुलांना सांगत नाहीत.

लोक मला म्हणतात, ताई तुमचं हे सगळं ठीक आहे, पण चोराला धाक पाहिजे की, पोरं फिरतायत म्हणल्यावर तो येणार नाही. धाक पाहिजे हे मलाही मान्य आहे. पण चोराला धाक कशाचा असतो? आपल्याला कुणी बघतंय आणि आपल्याबद्दल कुणीतरी कुणाला तरी लगेच सांगेल ह्याचा. पाइपवाली पोरं कुठल्या वेळी कुठल्या कोपऱ्यावर आहेत हे त्याला दोन दिवसांत कळतं, शिट्टी तर लांबूनच ऐकू येते. उंबऱ्यातली अक्का त्याला दिसते पण ती काय करतीये हे कळत नाही. आणि दुसरं म्हणतात, पोरांचा जोश आहे तो वाया कशाला घालवायचा. हा मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. वीस वर्षांच्या पोराला वही सांभाळ म्हणलं तर तो येणार नाही. त्याला पहाटेचं काम द्या, पाचच्या सुमाराला फिरायला जाणाऱ्या बायकांच्या गळ्यातली मंगळसूत्रं ओढली जातात, त्या रस्त्याला दोन पोरं व्यायामाला पळत राहिली तरी पुष्कळ, हातात काही नको. बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे मोजून महापालिकेत तक्रार करायची, ती सुटेपर्यंत पाठपुरावा करायचा, अर्धवट बांधकामाच्या, बंद कारखान्याच्या पडक्या जागा कुठे आहेत ते बघायचं. आमच्या पोरांनी दोन महिन्यांत चौदा दिवे चालू करून घेतले आणि त्याचा त्यांना गस्तीपेक्षा जास्त अभिमान आहे.

ओळखपत्रं मात्र कुणालाच देऊ नका. जॅकेट, बिल्ला, गाडीवर स्टिकर, काही नको. बिल्ला लागला की शेजारी राहत नाही, साहेब होतो, आणि मग भाड्याने राहणाऱ्याला आधार कार्ड विचारायला लागतो. भाडेकरूंची माहिती घरमालकाने पोलिसांना द्यायची असते, ते आपलं काम नाही. उलट भाडेकरूंमधून दोन माणसं गटात घ्या. आमच्याकडे कर्नाटकातून आलेले, उत्तरेकडून आलेले कामगार राहतात, त्यांच्याही गाड्या आणि मोबाइल चोरीला जातात, आणि ते तक्रार करायलासुद्धा घाबरतात कारण त्यांना वाटतं आपल्यावरच यायचं.

शेवटचं, पण माझ्या मते ह्यावरच सगळं टिकतं किंवा मोडतं, काम किती दिवसांचं. आपल्याकडे कुणी एक काम घेतलं की ते त्याच्या गळ्यात कायमचं पडतं, मग तो थकतो, चिडतो आणि सोडतो, किंवा सोडतच नाही आणि मालक होऊन बसतो. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज बघा. सात काठ्या, उंचच उंच आणि जड, प्रत्येकीचे मानकरी ठरलेले, वेगवेगळ्या समाजांचे, आणि संक्रांतीच्या कितीतरी आधीपासून सराव चालू. पेलणारा थकायच्या आत दुसरा शेजारी तयार उभा असतो, काठी त्याच्याकडे जाते, आणि आधी पेलत होता त्याचा मान कमी होत नाही. आम्ही तेच धरलं, कुठलंही काम तीन महिन्यांच्या वर एकाकडे नाही, आणि काम घेतानाच पुढचं नाव सांगायचं, तो पुढचा माणूस शेवटचे पंधरा दिवस सोबत शिकणार. थांबवणाऱ्या बाईंचं काम पण बदलतं. दोन वेळा पुढचं नावच मिळालं नाही, तेव्हा ते काम आम्ही बंद ठेवलं, कुणाच्या गळ्यात घातलं नाही. नको असलेलं काम चिडून करणाऱ्यापेक्षा काम रिकामं बरं.

सध्या रिकामं आहे ते रात्री दोनचं. पाळी सुटल्यावर चालत घरी येणाऱ्या कुणीतरी, वाटेत काही वेगळं दिसलं तर मेडिकलवाल्या दादांना फोन करायचा, एवढंच काम. सगळ्यांना माहीत आहे की त्यासाठी योग्य माणूस कोण. मागच्या महिन्यात मी त्या अक्कांच्या जावयाकडे गेले. त्यांनी बसायला खुर्ची दिली, त्यांच्या बायकोने पाणी दिलं, मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "करतो की मी. पण आधी त्या चौघांना एकदा माझ्या घरी चहाला पाठवा. माझ्या पोराने बघितलंय माझ्या पाठीवरचं."

दोघं जाऊन आले. एकाची आई त्याला घेऊन गेली होती, दुसरा स्वतःहून गेला. उरलेल्या दोघांशी मी दर आठवड्याला बोलते, एक म्हणतो पुढच्या रविवारी जातो. तोपर्यंत ते काम कुणालाही द्यायचं नाही असं आम्ही ठरवलंय.